नियोजित विश्रांती

गोदामातले ड्रायव्हर तिला वहिनी म्हणत, कारण त्यांच्यातल्याच एकाची ती बायको होती. औषधांची खोकी कुठल्या गाडीत चढवायची, गाडी कुठल्या रस्त्यानं जायची, हे पूर्वी ती फोनवर ठरवायची. "वहिनींचा आवाज ऐकला की पाय आपोआप ब्रेकवर जातो," असं ड्रायव्हर म्हणत. तिचा नवरा म्हणे, "तुमचं बरंय, तुम्हाला फोन ठेवता येतो."

मग संगणकावर नवी यंत्रणा आली. पडद्यावर नकाशा, त्यावर गाड्यांचे ठिपके. एक गाडी अडली की यंत्रणा आपणहून दुसरी वळवायची. इस्पितळांना औषधं वेळेवर मिळू लागली, हे तीही कबूल करायची. पण ड्रायव्हरला फोन करायला बंदी आली. न सांगता गाडी थांबली की ठिपका लाल व्हायचा, जवळच्या डेपोतला माणूस मोटारसायकलवर जाऊन बघून यायचा आणि ड्रायव्हरचे गुण कापले जायचे.

नवऱ्याचे गुण तळाला गेले होते. अलीकडे जेवण झालं की तो कुठंतरी गाडी लावून डुलकी काढायचा. मॅनेजरनं तिला बाजूला घेऊन सांगितलं, "अजून एकदा लाल झाला, तर त्यांना गाडी मिळायची नाही. घरी समजवा."

तिनं समजावलं. "म्हातारे झालात का तुम्ही?"

"तुझ्याबरोबर राहून झालो," तो म्हणाला.

त्या दुपारी त्याचा ठिपका पुलाच्या अलीकडे थांबला. "झोपले महाराज," ती पुटपुटली. लाल होण्याआधी कारण नोंदवायची सोय होती. 'नियोजित विश्रांती' असं कारण टाकलं की ठिपका निळा व्हायचा आणि कुणी बघायला जात नसे. ही मेहेरबानी ती सगळ्याच ड्रायव्हरांवर अधूनमधून करायची, आणि ते तिला दुवा देत. तिनं बटण दाबलं. मग डबा उघडून निवांत जेवली.

विश्रांतीची मुदत संपली तरी ठिपका हलेना. यंत्रणेनं मागची गाडी माल उचलायला पाठवली. त्या ड्रायव्हरनं काच ठोठावली, मग फोडली. वहिनींना सांगायचं धाडस त्याला झालं नाही, त्यानं मॅनेजरला फोन लावला. मॅनेजर तिच्या टेबलाशी आला आणि आधी त्यानं पडदा बंद केला.

छातीत कळ आल्यावर नवऱ्यानं गाडी कडेला घेतली होती, हँडब्रेक ओढला होता. डॉक्टर तिला एकटीला म्हणाले, "थोडं आधी कुणी पोहोचलं असतं तर..." आणि तिचा चेहरा पाहून थांबले.

औषधं वेळेत पोहोचली. इस्पितळाला काही कळलंसुद्धा नाही. मॅनेजर भेटायला आला तेव्हा दुसरं काही सुचेना म्हणून हेच सांगून गेला. जाताना सासूबाईंना म्हणाला, "वहिनींनी विश्रांती नोंदवली होती. झोपेतच गेले असतील."

तो गेल्यावर सासूबाईंनी तिला जवळ बसवलं. "झोपेत गेला ना गं माझा लेक?"

"हो आई. झोपेतच."

"बरं केलंस, बाई. कुणी उठवलं नाही त्याला."

त्या तिची पाठ थोपटत राहिल्या. ती ताठ बसून होती. उठावं तर काय सांगून उठावं, तिला कळेना.