चतुर्थी झाली, तरी मासा नको

मालवणात पाताडे डॉक्टरांच्या दवाखान्यात मी मदतनीस डॉक्टर म्हणून रुजू झालो, त्या दिवशी त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः दारात जाऊन उभे राहिले. पेशंट रिक्षातून उतरून आत येताना किती दमतो, हे त्यांना आधी बघायचं असतं. पंचाहत्तरीतही ते खुर्चीत टिकत नाहीत. सोबत काम करणारा त्यामुळे मेटाकुटीला येतो, हेही या गौरवग्रंथात नोंदवून ठेवतो.

औषध संपूनही जो फिरकत नाही, त्याच्या घरी डॉक्टर रविवारी स्वतः जातात. तोंडवलीच्या एका आजोबांनी त्यांना पाहून पेटती विडी खिशात लपवली आणि सदऱ्याला भोक पाडून घेतलं.

तारकर्लीची सुनंदा मासे विकायची. चार पावलांत तिला धाप लागू लागली. छातीचा फोटो साफ, स्कॅनमध्ये मोठी गुठळी नाही, दम्याच्या औषधांनी उतार नाही. डॉक्टरांनी तिला दवाखान्यातच ठेवून घेतलं, तरी त्यांना चैन पडेना. हातातला घास टाकून ते पुन्हा तिच्या खाटेपाशी जायचे. शेवटी त्यांनी तिच्या जेवणाची चौकशी केली. श्रावणात सोडलेले मासे तिने पुन्हा तोंडाला लावलेच नव्हते. घरच्यांना वाटलं, नवस असेल. आणि नवसाबद्दल आपल्याकडे कुणी खोदून विचारत नाही.

"बाय, चतुर्थी झाली. तरी मासो नको?"

"वासच नको वाटता," ती म्हणाली.

मासे-मटण अचानक नकोसं होणं ही पोटाच्या कॅन्सरची खूण असू शकते, म्हणून डॉक्टरांनी तिला तडक गोव्याच्या मोठ्या इस्पितळात हलवलं. पोटात कॅन्सर निघाला. त्याच्या पेशी फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या होत्या. तिथे दाह होऊन वाहिन्या आतून जाड होत बंद पडत होत्या. हा प्रकार इतका दुर्मिळ, की बहुधा माणूस गेल्यावरच कळतो. कॅन्सरवरची आणि दाहावरची औषधं सुरू झाली. ती बरी होईल असं डॉक्टर तिच्या नवऱ्याला म्हणाले नाहीत. धाप कमी व्हावी म्हणून धडपडतो आहे, एवढंच सांगितलं.

धाप कमी झाली. काही महिने ती ओटीवर बसून न थांबता बोलायची. मग गेली.

बाराव्याला आम्ही तारकर्लीला गेलो. आपल्याला उशीर झाला, हे डॉक्टरांच्या मनातून जात नव्हतं. ते अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. तिचा नवरा जवळ आला.

"डॉक्टरांनू, तुमच्यामुळे ती माझ्यावांगडा बोलान गेली."

ती नवऱ्याशी बोलून गेली, हे ऐकल्यावर डॉक्टर येरझाऱ्या थांबवून त्याच्यासोबत ओटीवर बसले. मला रडू आवरलं नाही.

डॉक्टरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. विश्रांती लाभो, असं म्हणायला मात्र माझी जीभ रेटत नाही. या किनाऱ्यावर अजून कितीतरी बायका, धाप लागते ती वयामुळेच असं म्हणत, डोक्यावर पाटी घेऊन निघाल्या आहेत.