ठकीने शोधलेली गाडी

चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून काचा घासण्यात ठकीची तीस वर्षं गेली होती. खरं नाव वेगळंच, पण वडिलांनी लहानपणी ठकी म्हटलं ते चिकटलं. ठकी म्हणजे लाकडाची बाहुली, हलवल्याशिवाय हलत नाही, हेही तेच चारचौघांत समजावून सांगत.

त्यांचा जीव होता तो फिकट निळ्या, गोल पाठीच्या मोटारीवर. पाय पुसल्याशिवाय ठकीला आत चढायची मुभा नव्हती; थोरल्या भावाला मात्र ते मांडीवर घेऊन स्टिअरिंग धरायला देत. पुढे भावाच्या शिक्षणासाठीच गाडी विकली. भाऊ शिकला, दूर गेला, वर्षातून दोनदा फोन करू लागला. म्हातारा राहिला ठकीच्या वाट्याला.

ऐंशी ओलांडल्यावर त्यांनी एकच घोशा लावला, "माझी गाडी कुठे असेल गं?" ठकीने मनावर घेतलं. विकत घेणाऱ्याने पुढच्याचा पत्ता दिला, त्याच्या बायकोने एका मास्तरांचा. दोन वर्षांच्या सगळ्या सुट्ट्या त्यात गेल्या. शेवटी त्या निवृत्त मास्तरांच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी सापडली. आत कोंबड्या नांदत होत्या. ठकीने चासी नंबरावरची घाण रुमालाने पुसली, गाडीच्या जुन्या कागदाशी ताडून पाहिलं. आकडान् आकडा जुळला, तशी ती तिथेच मटकन बसली आणि रडली.

"न्या खुशाल," मास्तर म्हणाले. "पण आधी कोंबड्यांना विचारा."

गाडी पुन्हा चालती करायला गॅरेजवाला चार महिने खपला. एका सकाळी गाडी दारात उभी राहिली. ठकीने वडिलांना धरून बाहेर आणलं. डोळे अधू, म्हणून त्यांनी हाताने चाचपलं. बॉनेट, आरसा, छप्पर.

"थोरल्याने शोधली ना?"

"मी शोधली, बाबा."

"तू?" ते हसले. "तुला काय कळतंय त्यातलं? त्याने पत्ता दिला असेल, तू आणायला गेली असशील. लाव त्याला फोन. म्हणावं, पांग फेडलेस."

गाडी घेऊन आलेला गॅरेजवाला फडक्याला हात पुसत राहिला.

"बाबा, ही तुमची नाही," ठकी शांतपणे म्हणाली. "तशीच दुसरी आहे. तुमची कधीच भंगारात गेली. तुमचं समाधान व्हावं म्हणून ही आणली."

चटका बसावा तसा म्हाताऱ्याने हात मागे घेतला.

"तरीच," ते पुटपुटले. "हाताला परकीच लागत होती."

त्यांना आत बसवून ती परतली, तेव्हा गॅरेजवाल्याने विचारलं, "ताई, नंबर तर जुळला होता."

"जुळला होता," ती म्हणाली.

त्यानंतर म्हातारा पाच महिने जगला. खरं सांगून टाकावं असं तिला कितीदा वाटलं. पण भावाचा फोन आला की ते त्याला सांगत, "ठकीने कुणाची तरी गाडी माझ्या गळ्यात मारली बघ." मग फोन ठेवून, अंथरुणात पडल्या पडल्या तिला विचारत, भंगारवाल्याने गाडीचं नक्की काय काय केलं? ठकी स्टूल ओढून जवळ बसे आणि सांगे: आधी दिवे फोडले, मग सीटा फाडल्या, मग पत्रा कापायला घेतला.