विदरलो आडनावाची शेवटची बाई

‘दीदी, मॅडम खलास.’ पाच आठवड्यांपूर्वी दुबईतल्या अल मनखूल भागातल्या त्या इमारतीच्या वॉचमननं फोनवर एवढंच सांगितलं. मॅडम म्हणजे आमच्या वसुधाताई. माहेरच्या साताऱ्याच्या जोशी, लग्नानंतर वसुधा विदरलो.

पीटर विदरलो त्यांच्याच ऑफिसातला इंग्रज सर्व्हेअर. हे आडनाव लावणारा तो जगातला शेवटचा पुरुष, असं त्याची बहीण सांगायची. तिचं स्वतःचं आडनाव लग्नात बदललं होतं, म्हणून ती दर हिवाळ्यात दुबईला येऊन ताईंना गोड बातमी विचारायची. बातमी नव्हती. दोष पीटरमध्ये होता, रिपोर्ट ताईंच्या कपाटात होता. पीटर हे बहिणीला कधी बोलला नाही, ताईंनीही झाकून ठेवलं. उलट त्याच आडनावाचा इतिहास शोधायला बसल्या. इंग्लंडमधल्या चर्चच्या जुन्या नोंदी मागवायच्या, फाइल वाढत जायची... मला वाटायचं, मनाला विरंगुळा असेल.

पीटरच्या साठाव्या वाढदिवसाला आम्ही दहा-बारा जण जेवायला होतो. बहीण सगळ्यांदेखत म्हणाली की, आमचं नाव या बाईपाशी येऊन बुडालं. पीटर मान खाली घालून पुलाव खात राहिला. ताईंनी आतून फाइल आणली आणि शांतपणे वाचलं, की ‘लो’ म्हणजे टेकाड आणि ‘विदर’ म्हणजे खच्ची केलेला मेंढा. मग पीटरकडे बघून म्हणाल्या, ‘नाव अगदी योग्य माणसापर्यंत पोचलंय. रिपोर्ट दाखवू?’

मी हसले. त्या टेबलावर हसलेली मी एकटीच.

त्यानंतर दोघांत कामापुरतंच बोलणं राहिलं. सात महिन्यांनी पीटर हार्ट अटॅकनं गेला. दफनाहून परतताना गाडीत ताई म्हणाल्या, ‘बावीस वर्षं त्याच्यासाठी गप्प बसले गं. त्याला माझ्यासाठी एक वाक्य बोलता आलं नाही. पश्चात्ताप होईल असं वाटलं होतं... होत नाहीये.’

आता पीटरच्या बहिणीचा ईमेल आलाय. ताईंच्या मृत्यूच्या दाखल्यावर माहेरचं आडनाव घालता येईल का, असं विचारतेय. दाखला आधीच निघालाय. अरबी अक्षरांत, विदरलो. इंग्लंडातलं ते नाव साताऱ्याच्या जोशीबाईवर संपलं.

गेल्या शनिवारी फ्लॅट रिकामा करायला गेले. दारावर पीटरच्या नावाची पितळी पाटी होती. वॉचमन म्हणाला, साहेब गेल्यापासून इतकी वर्षं मॅडम रोज सकाळी चिंच लावून ती घासायच्या. लखलखीत होती. अक्षरं मात्र झिजून गेली होती... बोटं फिरवूनही मला नाव लागलं नाही.