बिनखुणेचा दगड

बुर्कार्ड झेंडर दुसऱ्याच्या शेतातून कधी आडवा गेला नाही. फेरा लांबचा पडला तरी बांधाबांधानं जायचा. चालताना पावलं मोजायचा. कुणी हाक मारली तर हात वर करून थांबवायचा आणि आकडा पुरा झाल्यावरच ओ द्यायचा. ताटातला बटाट्याचा गोळा सुरीनं कापत नसे, काट्यानं फोडायचा. गुत्त्यात दीड मग बिअर प्यायचा. दीडच का, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "उरलेला अर्धा संपवणारे सगळे वर गेले." घरी आल्यावर कोटाचे खिसे स्वयंपाकघरातल्या टेबलावर रिकामे करायचा. सुतळी, पेन्सिल, अक्रोड. सगळं नीट पाहायचा आणि परत खिशात भरायचा.

त्याची बायको गुंडी सुरुवातीला चिडायची. "माझ्या टेबलावर गावभरची माती कशाला?" पुढे तिनं टेबलाच्या त्या कोपऱ्यावर जुनं वर्तमानपत्र पसरायला सुरुवात केली. पन्नासेक वर्षांच्या संसारात एवढ्यावर तडजोड झाली.

बुर्कार्ड क्रेनबाख गावच्या सातजणांचा म्होरक्या होता. हद्दीचा दगड बसवायचा तर तो सातजणांनीच. मोजणीवाले यंत्र आणतात, खांब रोवतात, कागदावर सही करतात. मग सातजण म्हणतात, "आता तुम्ही जरा तिकडे व्हा." मोजणीवाला, शेताचा मालक, मालकाचा कुत्रा, सगळे वीस पावलं मागे सरतात. खड्ड्यात भाजल्या मातीचे तुकडे मांडले जातात. किती, कसे, कोणत्या दिशेला, हे फक्त त्या सातांना ठाऊक. त्यावर दगड उभा राहतो. पुढे कुणी रातोरात दगड सरकवला तर सातजण खालची माती उकरतात. खूण नसेल तर दगड खोटा.

ही खूण लिहायची नाही. बायकोला सांगायची नाही. पाद्र्यालाही नाही. आणि दगडाला एकट्यानं हात लावायचा नाही. शपथ मरेपर्यंतची असते. सतराव्या शतकातल्या तीस वर्षांच्या युद्धानंतर क्रेनबाखमध्ये अकरा घरं उरली होती. कुणाचं शेत कुठवर, हे सांगायला माणसं नव्हती. सातांपैकी एकच म्हातारा जगला होता. त्यानं महिनाभर एकेक दगड उकरायला लावला आणि गावाला आपापली जमीन परत मिळाली, असं गावात सांगतात. म्हणून बुर्कार्ड रस्त्यानं गेला की माणसं अजूनही टोपीला हात लावायची.

सातांपैकी आता दोघंच उरले होते. बुर्कार्ड एक्याऐंशीचा. आल्फोन्स रिपश्टाइन त्याच्याहून दोन वर्षांनी लहान, कार्प माशांच्या तळ्यांचा मालक. यंदा ऑक्टोबरात पाच नवी माणसं घ्यायची ठरली. त्यात ट्रॅक्टरवाला किलियान होता आणि पहिल्यांदाच एक बाई, शाळेतली शिक्षिका. शपथविधी सोमवारी होता.

त्याच्या आदल्या आठवड्यात सरपंच एंड्रेसबाई बुर्कार्डच्या घरी आल्या. गुंडीनं आलुबुखाराचा केक कापला.

"बुर्कार्ड, एक आनंदाची बातमी. सायकलरस्ता मंजूर झाला. तळ्याच्या कडेनं."

"बरं झालं. शहरातले लोक पडायला नवी जागा शोधतच होते."

"तळ्याकडच्या कोपऱ्यावरचा दगड अर्धा मीटर आत घ्यावा लागेल. म्हटलं, नव्या मंडळींना पहिला दगड तोच उचलू दे. वर्तमानपत्रवाल्यांनाही बोलावते. लांबूनच फोटो काढतील."

बुर्कार्डच्या हातातला काटा तसाच राहिला. "तळ्याकडचा?"

"हो. का? काही अडचण?"

"नाही," तो म्हणाला.

तो दगड शहात्तर साली बसवला होता. शेतांची नवी वाटणी चालली होती आणि दिवसाला आठ-आठ दगड बसत होते. बुर्कार्ड तेव्हा सातांत सगळ्यात लहान; आल्फोन्स अजून सातांत आला नव्हता. संध्याकाळी आभाळ गडगडायला लागलं. म्होरक्या फाल्टिन म्हणाला, "पोरा, मांड पटकन, आम्ही लोकांना मागे सारतो." बुर्कार्ड खड्ड्यात उतरला. खालचा एक धोंडा आडवा आला, तो काढला, तळ सपाट केला. तेवढ्यात पाऊस आला. सगळे धावले, दगड उभा केला, माती ठोकली. घरी येऊन त्यानं ओला कोट काढला आणि खिशात हात घातला. मातीचे तुकडे तिथेच होते.

दुसऱ्या दिवशी तो सांगायला गेला. फाल्टिन गुत्त्यात बसला होता आणि सगळ्यांना सांगत होता की या पोराचा हात बघा, आपल्याला वारस मिळाला. बुर्कार्डनं त्याच्यासाठी बिअर मागवली आणि परत आला. नंतर फाल्टिन वारला. मग बाकीचेही एकेक गेले.

अठ्ठेचाळीस वर्षं त्या दगडाला कुणी हात लावला नव्हता. आता नवी माणसं तो उचलणार, खाली कोरी माती दिसणार. एका दगडाखाली नाही म्हटल्यावर त्यानं बसवलेल्या शेकडो दगडांखाली आहे, हे कुणी का मानावं? सरपंचबाई गेल्यावर त्यानं केक पूर्ण खाल्ला. चव काही कळली नाही.

एकट्यानं जाऊन खूण ठेवून येणं सोपं होतं. तो दोनदा फावडं घेऊन फाटकापर्यंत गेला आणि दोनदा परत आला.

"काय चाललंय?" गुंडीनं विचारलं. "फावड्याला फिरवून आणतोस?"

"गंज चढतो एका जागी ठेवून."

"तुला चढलाय. जा, आल्फोन्सकडे जा. मला सांगता येत नाही ते त्याला सांग."

आल्फोन्स तळ्यावर जाळं दुरुस्त करत होता. बुर्कार्ड उभ्या उभ्याच सगळं बोलला. आल्फोन्सनं गाठ पूर्ण केली, दोरा दातानं तोडला.

"म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षं मी त्या दगडाला मान देत होतो. आणि खाली काय? गांडुळं?"

"हो."

"माझ्या शेताचा कोपरा आहे तो, गाढवा."

"म्हणून तर तुझ्याकडे आलो."

"माझ्याकडे नाही तर कुणाकडे येणार होतास? बाकीचे थडग्यात आहेत." आल्फोन्सनं जाळं बाजूला ठेवलं. "हद्द बरोबर आहे ना?"

"बोटभरही फरक नाही."

"मग दोघं जाऊ. दोघं असलो की शपथ मोडत नाही. शनिवारी सकाळी. उद्या मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय, परवा दिसायचं नाही. तुकडे माझ्याकडे आहेत. आणि सोमवारी तू उभा राहून नव्यांना हे सांगायचंस. लपवायचं नाही."

"सांगेन."

"तोंडानं. चिठ्ठी वाचून नाही."

बुर्कार्ड त्या रात्री चांगला झोपला, असं गुंडी सांगते. गुरुवारी सकाळी त्यानं फावडं उचललं. शनिवार लांब आहे, ती म्हणाली. जमीन कोरडी आहे, तो म्हणाला, आल्फोन्सला कंबर वाकवता येत नाही, नुसती भोवतालची माती सैल करून ठेवतो. माती म्हणजे दगड नव्हे.

"हे तू मला समजावतोयस की स्वतःला?"

"दोघांना," म्हणाला आणि गेला.

दुपारी किलियानला ट्रॅक्टरवरून तो दिसला. गवतावर कुशीवर पडलेला, टोपी डोक्यावरच. फावडं मातीत सरळ उभं होतं. हृदय बंद पडून तास झाला असेल, डॉक्टर म्हणाला.

संध्याकाळपर्यंत गावभर एकच कुजबुज. सातांपैकी एक माणूस, एकटा, दगडापाशी, फावडं घेऊन. याचा अर्थ गावात एकच होतो, आणि तो चांगला नाही. आल्फोन्स डोळ्यावर पट्टी बांधूनच गुत्त्यात आला. बसला नाही.

"शहात्तर साली खूण ठेवायची राहिली त्याच्याकडून. शनिवारी आम्ही दोघं ठेवणार होतो. सोमवारी तो तुम्हाला सांगणार होता. आता मी सांगतोय."

कुणीतरी मागून म्हणालं, "मग बाकीचे दगड?"

"उचलून बघ. आधी सातजण गोळा कर."

किलियान म्हणाला, "त्या दगडापलीकडे माझं शेत आहे. माझ्या आजोबानं तिथवरच नांगरलं, बापानंही. मला काही बघायचं नाही."

त्यावर तळ्याकडच्या दगडाबद्दल कुणी बोललं नाही. पण दुसऱ्या दिवशी दोन शेतकऱ्यांनी सरपंचबाईंकडे अर्ज दिला: नवे सातजण आले की आमचेही दगड तपासा. बाईंनी तो घेतला. सायकलरस्त्याची मोजणी आणि शपथविधी, दोन्ही नोव्हेंबरअखेरपर्यंत पुढे ढकललं.

तोवर गावात शपथ घेतलेला माणूस एकच. त्याला एकट्याला दगडाला हात लावता येत नाही. बाकी कुणाला तर नाहीच. फावडं किलियाननं गुंडीला नेऊन दिलं. पाऊस दोनदा पडून गेला, कडा थोड्या ढासळल्या आहेत. दगडाच्या तीन बाजूंची माती हातभर खोल, नीट काढून एका अंगाला ढीग घातलेली आहे. चौथी बाजू खणायची राहिली आहे.