अर्ध्या सेकंदाची घाई

विद्यापीठाच्या नामांतरासाठी मराठवाडा धुमसत होता त्या शेवटच्या वर्षांत मी परभणीच्या एका कचेरीत संगणकावर होतो. अख्ख्या कचेरीत मी तेवढा एकच शहाणा, असं मला वाटायचं. साहेबांना तर मशीन चालू कुठून होतं तेही माहीत नव्हतं.

मानवतहून पेरणीचे आकडे टेलिफोनवरून मशीनने यायचे. तो प्रोग्राम माझा. मानवतचं मशीन एक तुकडा पाठवायचं आणि आमच्या मशीनच्या पोचेची वाट बघायचं. पोच वेळेत आली नाही तर तोच तुकडा पुन्हा. आधीच्या पोचा किती वेळात आल्या ते बघून किती थांबायचं हे मशीनच ठरवायचं. पण कमीत कमी किती थांबायचं, ही खालची हद्द मी घालून दिलेली : अर्धा सेकंद. टेबलावर दोन मशीनं हातभर वायरने जोडून मी ती तपासली होती. हातभर वायर! आणि त्यावर केवढा तोरा.

मानवतला मशीनवर एक हंगामी माणूस होता. आधी तारखात्यात रोजंदारीवर राबलेला, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, दलित वस्तीतला. त्याने पहिल्याच आठवड्यात फोन केला.

"साहेब, हद्द तीन सेकंद तरी करा. सकाळी लाईन हलकी, तवा मशीन थांबणं कमी कमी करत न्हेतंय. दुपारी खरखर वाढली की पोच यायला लय वेळ लागायलाय."

"तुम्ही बटणं दाबा. डोकं मी चालवतो."

"दाबतो की. पण हाक मारल्यावर माणसानं ओ द्यायला उसंत तर पायजे का न्हाई?"

मी फोन ठेवला. माझ्यासारख्या पेडगावच्या पाटलाच्या पोराला मानवतच्या हंगामीनं शिकवायचं?

दुपारचे आकडे तुटू लागले. पोच वाटेत असतानाच मशीन तोच तुकडा पुन्हा पाठवी. त्या जादा तुकड्यांनी लाईन आणखी तुंबे. दहा वेळा झालं की मशीन फोन तोडून मोकळं. साहेबांनी छापलेला कागद माझ्यासमोर आपटला.

"एकच तुकडा दहादा! हा मानवतचा बटणाशी खेळायलाय का? सवलतीचे लोक घेतले की असंच."

पुन्हा पाठवणं मशीन आपोआप करतं, तिथं बटणच नाही, एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. त्याची नोकरी तेवढ्या वाक्यावर होती. मी म्हणालो, "बघतो, साहेब."

महिनाअखेर त्याला काढलं. दुसऱ्या दिवशी मानवतला जाऊन मी अर्ध्याचे तीन केले. आकडे सुरळीत आले.

"बघा," साहेब म्हणाले, "माणूस गेला अन् लाईन सुधारली." मी हसलो. चहाही प्यालो त्यांच्याबरोबर. साहेबासारख्या मूर्खाचं काय घेऊन बसायचं. त्याला खरंच कळत नव्हतं.

अनुभवाचा दाखला न्यायला तो परभणीला आला. दाखल्यावर 'काम साधारण' असं मीच लिहिलं होतं. त्याने ते उभ्या उभ्या वाचलं.

"लाईन चालायलीय म्हणं आता. हद्द वाढवली का, साहेब?"

"नाही," मी म्हणालो.

 त्याने दाखल्याची नीट चौघडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाला, "बरं. मग माझंच चुकलं असंल."