औषध तेच, डॉक्टर तेच

आज लातूरला तपासणीला गेले होते. माझा रिपोर्ट चांगला आला, पण लिहायचंय ते बसवराजभाऊंबद्दल.

त्यांची बायको महानंदा आणि मी एकाच वेळी स्तनाच्या कॅन्सरचे उपचार घेत होतो. आजाराचा टप्पा तोच, औषधं तीच, डॉक्टरही तेच. मी वाचले. ती मागच्या वर्षी गेली.

आज भाऊ देगलूरहून एवढंच विचारायला आले होते. मलाही सोबत डॉक्टरांकडे आत घेऊन गेले.

"सायेब, औषध ह्या ताईला बी तेच, तिला बी तेच. मंग माझं कुठं चुकलं? सासू म्हणते, मीच हेळसांड केली."

डॉक्टर म्हणाले, "तुमचं काही चुकलं नाही. आईवडलांकडून आलेली जनुकं प्रत्येकाची वेगळी. कधीकधी त्यामुळेही एकाचा आजार पसरतो, दुसऱ्याचा आटोक्यात राहतो. महानंदाताईंचं नेमकं तेच झालं का, ते मात्र सांगता येत नाही."

भाऊंनी तिथूनच बिलोलीला सासूबाईंना फोन लावला. "हेच जरा मामींना सांगा."

डॉक्टरांनी सगळं पुन्हा सांगितलं. पलीकडून सासूबाईंनी विचारलं, "म्हंजे, माझ्याच पोटातून गेलं का तिला?"

"न्हाई मामी, तुमचा काय दोष? रडू नका, मी तिकडंच यायलो," भाऊ म्हणाले आणि देगलूरला न जाता बिलोलीला निघाले.

दोष आपला नाही हे ऐकायला आलेला माणूस आता तेच दुसऱ्याला समजवायला गेलाय. तुम्ही त्या आईला काय सांगितलं असतं?