बंदुकीची ओटी

माझे वडील, म्हणजे आमचे आप्पा, पोलिसात कोत हवालदार होते. कोत म्हणजे बंदुकांचं कोठार. सोलापुरातल्या पोलीस लाइनीत आमच्या दोन खोल्या होत्या. त्यात एकही बंदूक नव्हती, पण बंदुकीचे सगळे नियम घराला लागू होते. छत्री मिटलेली असली तरी तिचं टोक माणसाकडे करायचं नाही. रंगपंचमीला पिचकारी कुणाच्या तोंडासमोर धरली की ती जप्त व्हायची आणि दुसऱ्या दिवशी, रंग संपल्यावर, परत मिळायची. सण असूनही आम्ही कोरडेच घरी यायचो आणि आई खूश असायची, कारण कपडे धुवायला लागत नसत.

रविवारी सकाळी आप्पा आम्हा चार भावंडांना अंगणात ओळीनं उभं करत. हातात ज्याला जे मिळेल ते. एकाकडे लाटणं, एकाकडे केरसुणी, एकाकडे उलथनं आणि माझ्याकडे चुलीची फुंकणी. मग आप्पा ओरडत, ‘‘जाँऽऽच शस्त्र!’’ पोलिसात हा हुकूम झाला की शिपायानं आपली बंदूक उघडून ती आतून रिकामी आहे हे दाखवायचं असतं. लाटण्यात बघण्यासारखं काही नसे, पण माझ्या फुंकणीला आप्पा खरोखर डोळा लावत. एकदा आत झुरळ निघालं, तेव्हा ‘‘भरल्याली!’’ म्हणून मला अंगणाला तीन फेऱ्या मारायला लावल्या. पुढे त्यांचा घसा बसायला लागला आणि हुकूम देण्याचं काम माझ्याकडे आलं. माझा आवाज मुळातच खणखणीत. एकदा मी हुकूम सोडला आणि रस्त्यानं सायकलवरून चाललेला शिपाई पाय टेकून सरळ उभाच राहिला. हे आप्पांनी पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांना सांगितलं.

‘‘बंदूक रिकामी हाय म्हणणारा मानूस खोटा नसतो,’’ आप्पा म्हणत, ‘‘पर बंदुकीनं त्येचं ऐकल्यालं नसतं. म्हणून आपण उघडून बघायचं. आत्ता बघितली, खाली ठेवली आन् शिंकलो, तर पुन्हा बघायचं.’’ घोडा, चाप, काडतूस हे शब्द मला पोळी, भाजी, आमटीच्या आधी आले असतील.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर वर्ष-दोन वर्षांत माझं लग्न झालं. आप्पा तोवर निवृत्त होऊन बार्शीला राहायला गेले होते. सासर सोलापुरातच. धान्याची आडत, कुंभारीकडे शेती, जाड माळवदाचं घर, आणि सोप्यात खुंटीवर बंदूक. दुनळी, बारा बोरची, वर दोन घोडे असलेली. ज्वारीत रानडुकरं येतात म्हणून सासऱ्यांनी रीतसर परवाना काढला होता. एका पहाटे त्यांनी खरंच एक डुक्कर मारलं होतं. ही गोष्ट माझ्या लग्नाच्या आधी दहा वर्षं घडलेली, पण ऐकणाऱ्याला वाटावं की डुक्कर अजून अंगणात पडलंय.

ती गोष्ट सांगायची त्यांची एक पद्धत होती. दसऱ्याला सोनं द्यायला माणसं जमली की सासरे खुंटीवरची बंदूक काढत. डुकराचं काम ठरलेलं होतं, थोरल्या मुलाचं. म्हणजे आमच्या ह्यांचं. हे हायस्कुलात गणित शिकवायचे, डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा. दसऱ्याला मात्र ते सोप्याच्या कोपऱ्यात ज्वारीच्या पोत्याआड चार पायांवर बसत आणि वडिलांनी खूण केली की गुरगुरत बाहेर येत. सासरे घोडा चढवत, नेम धरत, चाप ओढत. रिकाम्या बंदुकीचा ‘टक्’ असा आवाज झाला की ह्यांनी आडवं पडायचं. लग्नानंतर हे सगळं मला ह्यांनीच कौतुकानं सांगितलं. मी जेवता जेवता थांबले.

‘‘रिकामी असते गं,’’ हे म्हणाले.

झालं. आप्पांचा खोटं न बोलणारा माणूस माझ्याच पाटाशेजारी बसला होता.

त्यातून खंडेनवमीला शस्त्रपूजा. एरवी ती बंदूक खरंच रिकामी असायची, काडतुसं माळ्यावर बिस्किटांच्या डब्यात. पण सासूबाईंच्या मते पूजेतली वस्तू रिकामी ठेवणं अशुभ. तराजूच्या पारड्यात मूठभर धान्य, गल्ल्यात सुपारी, आणि बंदुकीत दोन काडतुसं. त्याला त्या बंदुकीची ओटी म्हणत. काडतुसांना हळदीकुंकू लावून, वर दोन अक्षता टाकून त्या ती स्वतः नळ्यांत भरत. दसऱ्याला पूजा हलवली की सासरे ती काढत, आणि मग डुकराचा कार्यक्रम. म्हणजे एक अख्खा दिवस आणि रात्र भरलेली बंदूक पाटावर, झेंडूच्या माळेत.

मी नऊ महिन्यांची सून. सासऱ्यांशी तोवर माझं बोलणं दोनच शब्दांचं झालं होतं, ‘चहा’ आणि ‘पाणी’. त्यामुळे मी ह्यांना सांगितलं, ह्यांनी आईला सांगितलं, आईनं वडिलांना सांगितलं. एवढ्या वळणांनी जाऊनही निरोप पोचला. ‘‘हवालदाराची लेक हाय, भ्याली असंल,’’ असं म्हणत सासऱ्यांनी त्या वर्षी नवमीलाच, आरती झाल्या झाल्या, दोन्ही काडतुसं काढून देवापुढच्या ताटलीत ठेवली. मी माजघराच्या दारातून बघितलं आणि मला इतका आनंद झाला की बार्शीला पत्र लिहावंसं वाटलं. पत्राची गरज नव्हती. पहिला दसरा म्हणून आप्पा दुसऱ्या दिवशी स्वतःच यायचे होते.

ते आले. मुलीचा बाप म्हणून सोप्याच्या कडेला, सतरंजीच्या अगदी काठावर बसले. दिवस कलता कलता माणसं आपट्याची पानं घेऊन आली. आत मी अकरा माणसांचा चहा टाकला होता. साखरेचा डबा देवाजवळच्या फडताळात, म्हणून तिकडे गेले आणि ताटलीकडे लक्ष गेलं. ताटलीत हळदीची दोन गोल वर्तुळं होती. काडतुसं नव्हती.

‘‘आत्याबाई, ताटलीतली काडतुसं?’’

‘‘घातली की माघारी,’’ सासूबाई सुपारी कातरत म्हणाल्या. ‘‘काल रातीच घातली. पूजा हलवायच्या आदी वटी काढून घेतेत व्हय कुणी? तुजी वटी अशी निम्म्यात काढून घेतली तर चालंल तुला?’’

‘‘मामंजींना सांगितलंत?’’

‘‘त्येंना कशाला? त्ये नको म्हणत्याल.’’

आणि सोप्यातून सासऱ्यांचा आवाज आला, ‘‘...तर ज्वारी अशी हालली. मी म्हणलं, वारा न्हाय, मग हालतंय काय?’’

मी दाराच्या फटीतून बघितलं. बंदूक त्यांच्या हातात होती. पोत्याआडून ह्यांचा चष्मा दिसत होता. आप्पा काठावर बसून पाण्याचं फुलपात्र हातात घट्ट धरून बघत होते. त्यांनी बहुतेक विचारलंही असावं, कारण सासरे हसून म्हणत होते, ‘‘रिकामी हाय हो पाव्हणं. काल माज्या हातानं काढल्यात काडतुसं. तुमच्याच लेकीसाठी.’’

त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

आता बाहेर जमलेल्या पुरुषांसमोर सुनेनं सोप्यात पाऊल टाकायचं नाही. हे एक. हाक मारली तर सासरे बंदुकीसकट माझ्याकडे वळणार, ‘काय?’ विचारणार, मी सांगणार, ते पुन्हा म्हणणार की रिकामी आहे. हे दुसरं. आणि तिसरं म्हणजे घोडा चढल्याचा आवाज आला. तो आवाज कुठल्याही घरात मला ओळखू आला असता. सोप्यात हुज्जत न घालता हलेल असा एकच माणूस होता.

मी दारात गेले. पदर कुठे होता मला ठाऊक नाही. छातीत होती नव्हती तेवढी हवा भरून मी हुकूम सोडला, ‘‘जाँऽऽच शस्त्र!’’

आप्पा उठलेले दिसलेच नाहीत. फुलपात्र सतरंजीवर गेलं आणि ते एका ढांगेत पुढे होऊन बंदुकीची नळी डाव्या हातानं आढ्याकडे ढकलताना दिसले. त्याच क्षणी सासरे माझ्या आवाजानं दचकले, आणि त्यांचं बोट चापावर होतं.

बार उडाला. माळवदाला भगदाड पडलं आणि पन्नास वर्षांची पांढरी माती, वाळकी काटकं आणि एक जुनं चिमणीचं घरटं अकरा माणसांच्या दसऱ्याच्या कपड्यांवर आलं. कानात नुसती शीळ. धुरळ्यात सगळेच पुतळे.

‘‘रिकामी व्हती,’’ सासरे म्हणाले.

आप्पांनी त्यांच्या हातातून बंदूक काढून घेतली, नळी वरच ठेवून उघडली. एका नळीतून धुरकट टरफल निघालं. दुसरीतून निघालं ते अख्खं काडतूस, हळदीकुंकू लावलेलं, वर एक अक्षत चिकटलेली. आप्पांनी ते तळहातावर धरून सगळ्यांना दाखवलं आणि खिशात घातलं.

तेवढ्यात पोत्याआडून, चार पायांवरच, चष्म्यावर मातीचा थर आलेला, आमचे हे म्हणाले, ‘‘मी पडू का?’’

लोक हसले. मला मात्र रडू फुटलं, तेही हुकूम देतानाच्याच आवाजात. नऊ महिन्यांत मी ह्या माणसाशी एकदाही धड भांडले नव्हते. भांडायला आता सगळं आयुष्य आहे, असं वाटून मी अजूनच रडले. सासूबाई मला आत न्यायला आल्या आणि स्वतःच दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या.

मग चर्चा सुरू झाली की बार कुणामुळे उडाला. ती आमच्या घरात पुढे कित्येक वर्षं चालली. त्या दिवशी सासऱ्यांचं पहिलं म्हणणं असं की सूनबाई ओरडली म्हणून उडाला. ते खरंच होतं. मी ओरडले नसते तर बार तेव्हा उडाला नसता, दोन क्षणांनी उडाला असता, नेम धरून. पण हे बोलायची माझी टाप नव्हती. बोलले ते आप्पा. लग्न ठरल्यापासून व्याह्यांपुढे त्यांनी मान वर केली नव्हती, आणि अंगावरची माती न झटकता ते म्हणाले, ‘‘पाव्हणं, आवाज कुनाचाबी हुतो. ताट पडतंय, मांजर पडतंय. बोट चापाच्या भाईर असलं तर काय बी उडत न्हाय. आन् नळीम्होरं मानूस बसवायचाच न्हाय, रिकामी असली तरी. रागवा, पर सांगितलं.’’

सासरे रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘पर भरली कुणी?’’

‘‘मी,’’ दारातून सासूबाई म्हणाल्या. सासरे काही बोलायला तोंड उघडणार तोच त्यांनी कानडीत दटावलं, ‘‘सुम्म कूडरी.’’ गप बसा, एवढाच त्याचा अर्थ. रागावल्या की त्या कानडीत जात. नंतर मात्र त्या स्वतःच देवापुढे जाऊन बसल्या आणि दिवा लागेपर्यंत उठल्या नाहीत. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. आम्ही दोघींनी चहा घेतला नाही, आणि बाहेरच्या अकरा जणांनाही तो मिळाला नाही.

भगदाड बुजवायला गवंडी आला, त्यानं चुन्यानं ती जागा लिंपली. बाकीचं आढं धुरानं काळं, मधे तो परातीएवढा पांढरा ठिपका. आलेला प्रत्येक जण वर बघायचा आणि सासऱ्यांना गोष्ट सांगावी लागायची. डुकराची गोष्ट मागे पडली.

पुढच्या खंडेनवमीला सासूबाईंनी बंदुकीची ओटी भरलीच. दोन नळ्यांत दोन खारका. ‘‘वटीत खारीकबी चालती,’’ त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. काडतुसांचा डबा सासऱ्यांनी तोवर कुलपात घालून किल्ली माझ्या कमरेला दिली होती.

दसऱ्याला माणसं जमली. आप्पाही आले, आणि या खेपेला सासऱ्यांनी त्यांना हाताला धरून लोडाजवळ बसवलं. मग बंदूक काढली, नळी त्या पांढऱ्या ठिपक्याकडे केली, बोट बाहेर ठेवलं आणि आतल्या दाराकडे बघून म्हणाले, ‘‘सूनबाई, भाईर या.’’

मी पदर नीट करून पहिल्यांदाच सोप्यात सगळ्यांपुढे गेले. त्यांनी बंदूक उघडून माझ्यापुढे धरली. ‘‘म्हणा की त्ये तुमचं,’’ ते हळूच म्हणाले.

‘‘जाँच शस्त्र,’’ मी पुटपुटले. लोडाजवळ आप्पा उठून उभे राहिले, हुकूम ऐकला की त्यांना बसवत नसे.

मी दोन्ही खारका काढल्या आणि एकेका नळीला डोळा लावला. दोन्हींतून तोच चुन्याचा ठिपका दिसला.

‘‘रिकामी,’’ मी म्हणाले.

‘‘पुन्हा बघा.’’

मी पुन्हा बघितलं. ‘‘रिकामी.’’

तेव्हा त्यांनी बंदूक मिटून खुंटीला लावली, धोतराला हात पुसले आणि आमच्या ह्यांच्या हातांतून तीन महिन्यांच्या नातीला घेतलं.